अडचणीच्या जागेतले गंजलेले बोल्ट: बॅटरीचं रॅचेट, राइट अँगल इम्पॅक्ट की स्टबी?

गॅरेज_रत्नागिरी:
नमस्कार मंडळी. खाऱ्या हवेमुळे आमच्याकडे सात-आठ वर्षांच्या गाडीखालचा एकही बोल्ट सरळ सुटत नाही. अर्धा इंची हवेची गन आणि २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, चाकांच्या नटांना पुरतो. अडतं दोन ठिकाणी. एक, इंजिनाच्या धुराचा मॅनिफोल्ड आणि डाउन पाइपमधला फ्लँज (जोडाची चकती). तिथे एम८ चे (८ मिमी आट्यांचे) स्टड (बिनडोक्याचे बोल्ट), आणि नटाच्या बैठकीपासून हीट शील्डपर्यंत (उष्णता अडवणाऱ्या पत्र्यापर्यंत) जेमतेम ८० मिमी जागा. दोन, लोअर आर्मचा (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचा) मागचा आडवा एम१२ बोल्ट. गन सरळ बसत नाही, एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारा जोड) लावून पोचते, पण बोल्ट ढिम्म. सध्या बॅटरीचं एकच मशीन घेण्याइतकं बजेट आहे. कॅटलॉगमध्ये रॅचेट (मोटरवर फिरणारा पाना) ६० एनएम (न्यूटन-मीटर, म्हणजे पिळण्याचा जोर), राइट अँगल इम्पॅक्ट (काटकोनी डोक्याची, ठोके देत फिरवणारी गन) २०० च्या वर, स्टबी इम्पॅक्ट (तशीच, पण सरळ आणि आखूड) ३०० च्या वर दिसतात. कोणतं घेऊ?

फिटरभाऊ:
दादा, आधी रॅचेट बाजूला ठेवा. बॅटरीचं रॅचेट जाम बोल्ट सैल करायला नसतं, सैल झालेला बोल्ट भराभर काढायला असतं. त्यात हातोडीसारखा ठोका नाही, त्यामुळे जेवढा जोर बोल्टवर तेवढाच उलटा तुमच्या मनगटावर येतो. ३०० मिमीच्या दांड्यावर ६० एनएम म्हणजे हाताला साधारण २० किलोचा झटका. बोटं दांडा आणि चेसिसच्या मध्ये असली तर चेंगरतात. मोटर बंद ठेवून हाताने जोर लावला तर आतले दात किंवा पॉल (दातांत अडकणारी खुंटी) तुटतात, आणि रॅचेटचं डोकं पुन्हा बसवून मिळणं कठीण.

स्टबीची लांबी १२० मिमीच्या आसपास, वर सॉकेट. तुमच्या ८० मिमीत तो शिरणारच नाही. त्यामुळे फ्लँजसाठी राइट अँगल इम्पॅक्ट, ३/८ इंची. पण दुकानात डोक्याची उंची सॉकेट लावून मोजा. कॅटलॉगमधली उंची सॉकेटशिवायची असते आणि बुटका सॉकेटही २०-२५ मिमी खातो. सॉकेट काळा, इम्पॅक्टचा आणि सहा कोनांचाच हवा. बारा कोनांचा कोपऱ्यांवर धरतो आणि गंजून झिजलेलं डोकं गोल करतो.

आणखी एक. एम८ च्या ८.८ ग्रेडच्या (मजबुतीच्या दर्जाच्या) बोल्टचा आवळण्याचा टॉर्क साधारण २५ एनएम. २०० एनएमचं मशीन पूर्ण वेगात लावलंत तर नट सुटायच्या आधी स्टड तुटेल, मग ड्रिल, एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्टड काढायचं हत्यार), हेलिकॉइल (नवीन आट्यांची स्प्रिंग). सर्वात खालचा वेग ठेवा, एक-दोन सेकंद सोडवा, एक सेकंद आवळा, पुन्हा सोडवा. गंजाची भुकटी होऊन आट्यांतून मोकळी होऊ द्या.

हवावाला:
फिटरभाऊंच्या फ्लँजच्या सल्ल्याशी सहमत. पण दुसऱ्या बोल्टसाठी मशीन विकत घेण्याआधी आहे त्या गनचा जोर कुठे जातो ते पाहा. युनिव्हर्सल जॉइंट आणि लांब बारीक एक्स्टेन्शन प्रत्येक ठोक्याला पिळतात आणि परत सुटतात. ठोका इतका क्षणिक असतो की तो पिळण्यातच जिरतो, बोल्टपर्यंत फार थोडा पोचतो. वर अर्ध्यावरून ३/८ चा अ‍ॅडॉप्टर असेल तर आणखी घट. शक्य तितकं आखूड, जाड, अर्धा इंची एक्स्टेन्शन घ्या. कोन १०-१५ अंशांत बसत असेल तर जॉइंटऐवजी वॉबल (टोकाशी थोडं झुकणारं) एक्स्टेन्शन.

मग पाइप पाहा. गनजवळ टी लावून प्रेशर गेज बसवा आणि ट्रिगर दाबलेला असताना वाचा. टाकीवर ८ बार दिसत असेल, पण ६-८ मिमी आतल्या व्यासाच्या लांब पाइपने आणि बारीक कपलरने गनला ४ च उरतं. १० मिमीचा पाइप आणि मोठा कपलर घाला. गन चालू असताना तिच्या तोंडाशी ६ बार मिळायला हवा.

सस्पेन्शनवाला:
लोअर आर्मच्या बाबतीत दोघांचंही थोडं अपुरं आहे. तिथे बहुधा आटे जाम नसतात. बुशच्या (रबरी सांध्याच्या) आतली लोखंडी नळी आणि बोल्टचा दांडा एकमेकांत गंजून चिकटलेले असतात. गन मारली की नळी बोल्टबरोबर फिरू बघते आणि बुशचं रबर तो ठोका गिळतं. म्हणून ३०० एनएमचाही उपयोग होत नाही. नळी लांब असल्याने तेल आत पोचत नाही.

आधी नट कसला आहे ते तपासा. सुटा असेल तर तो काढून बोल्टच्या टोकाला जुना नट आट्यांबरोबर सपाट बसवा आणि एअर हॅमरने ठोका. सबफ्रेममध्ये (आर्म बसतो त्या पोकळ चौकटीत) वेल्ड केलेला नट असेल तर मात्र थांबा. जास्त जोराने वेल्ड तुटली की नट त्या पोकळीत मोकळा फिरतो, आणि सबफ्रेमला खिडकी कापण्यावाचून मार्ग नसतो.

आर्म नाहीतरी बदलायचाच असेल तर रेसिप्रोकेटिंग सॉने (पुढे-मागे चालणाऱ्या करवतीने) बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत बोल्ट कापा. १०.९ ग्रेडला कार्बाइड दातांचं ब्लेड, वेग कमी, दाब भरपूर. मला विचाराल तर खारवट भागातल्या गॅरेजला दुसऱ्या इम्पॅक्टपेक्षा हा सॉ आधी हवा.

गॅरेज_रत्नागिरी:
म्हणजे फ्लँजला राइट अँगल, आर्मला गनचा पाइप सुधारून मग सॉ. फ्लँजचे नट गरम करायचे तर गॅसची ज्वाला हीट शील्डमागे नेता येत नाही. ऑक्सिजन सेन्सरची वायरही तिथेच आहे.

फिटरभाऊ:
इंडक्शन हीटर, १००० वॉटचा, बारीक कॉइलचा. ज्वाला नाही, कॉइल नटाभोवती बसते आणि थोड्याच वेळात नट मंद लाल होतो. आधी सेन्सर काढा किंवा वायर बांधून दूर घ्या. आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने उघडे आटे साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल मारा, पण तापवण्याआधी ते पुसून टाका. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर क्लोरीनवाला नको. तो तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तापवायचा नट, स्टड नाही. लाली गेली की लगेच पाना लावा, स्टड तापून फुगायच्या आत.

सस्पेन्शनवाला:
परत बसवताना नवीन आर्मच्या बोल्टच्या दांड्याला, नळीत राहतो त्या भागाला, अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारं वंगण) लावा. आट्यांना लावू नका, नाहीतर लिहिलेल्या टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आडव्या बुशचा शेवटचा टॉर्क गाडीचं वजन चाकांवर असताना द्या. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळलंत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतो.