मदत हवी आहे : दादरच्या नाट्यगृहांजवळ मुक्काम

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) परिसरातील आम्ही झाडीपट्टी रंगभूमीचे (पूर्व विदर्भातील नाट्यपरंपरा) पाच कलावंत, ज्यात दोन महिला आहेत, दादरच्या शिवाजी मंदिरात आणि माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात प्रयोग पाहण्यासाठी विदर्भ एक्सप्रेसने येत आहोत. गाडी सकाळीच पोहोचते. पण फोनवर चौकशी केलेल्या लॉजमध्ये खोली दुपारी बारानंतरच मिळते आणि रात्री उशिरा दार बंद होते. सोबतच्या ज्येष्ठ पेटीवादकांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. गोंगाटाची अडचण नाही, कारण आमची नाटके रात्रभर चालतात. डॉर्मिटरी नको; दोन खोल्यांसाठी रोजचे पाच हजार रुपये देता येतील. जादा भाडे घेऊन सकाळीच खोली देणारे, प्रयोगानंतर मध्यरात्रीही आत घेणारे आणि लिफ्ट असलेले हॉटेल दादर पश्चिमेस कोणते आहे?