वाफ ८० टक्केच का, आणि उथळ विहीर सोपी का नाही

जड तेल म्हणजे घट्ट खनिज तेल; ते पातळ व्हावं म्हणून विहिरीतून जमिनीत वाफ सोडतात. प्रश्न असा येतो की ही वाफ पूर्ण कोरडी का करत नाहीत, ८० टक्क्यांवरच का थांबतात. कारण बॉयलरच्या नळ्यांत आहे. हे बॉयलर एकेरी प्रवाहाचे, म्हणजे पाणी नळीतून एकदाच जातं; मधे वाफ आणि पाणी वेगळं करणारा ड्रम नसतो. वजनाने सुमारे २० टक्के पाणी द्रवरूपात राहिलं की क्षार त्यात विरघळून बाहेर पडतात. सगळं पाणी उडवलं तर ते नळीच्या आत बसतात, तिथला धातू अतितप्त होतो आणि नळी फुटते. कॅल्शियम-मॅग्नेशियम मात्र सॉफ्टनरने (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राने) आधीच जवळपास शून्यावर आणावं लागतं.

विहीर उथळ असेल तर वाफ सोडणं सोपं, असंही म्हटलं जातं. 'उथळ म्हणजे सोपं' हे अजिबात पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या कर्न रिव्हर या तेलक्षेत्रासारखा सुमारे ३०० मीटर खोलीवरचा थर घ्या. दाब कमी असल्याचा फायदा आहेच, कारण कमी दाबाची वाफ कमी तापमानाला बनते आणि तिची सुप्त उष्णता (परत पाणी होताना ती सोडते ती) जास्त असते: २०० अंशांना ही उष्णता किलोला सुमारे १९४० किलोज्यूल, ३०० अंशांना जेमतेम १४००. पण दाब थोडा जास्त झाला की वरचा खडक फाटतो आणि वाफ भलतीकडे जाते.

खरी डोकेदुखी केसिंगची, म्हणजे विहिरीच्या भिंतीला सिमेंटने बसवलेल्या पोलादी पाइपची. तापमान १७० अंशांनी वाढलं तर ३०० मीटर मोकळा पाइप सुमारे ६० सेंटीमीटर लांबेल. सिमेंटने जखडल्यामुळे तो लांबू शकत नाही, आणि आतला दाबताण के-५५ या केसिंगच्या पोलादाच्या मर्यादेला पोचतो. नंतर विहीर थंड होताना तोच पाइप ओढला जातो आणि जोडावर तुटतो. म्हणून केसिंग आधी ताणून सिमेंट करतात. सिमेंटमध्ये ३५-४० टक्के सिलिका पीठ (बारीक दळलेली वाळू) हवंच. नाहीतर ११० अंशांपुढे त्याची ताकद ढासळते.