मदत हवी आहे: खिशात मावणारा दुसरा कॅमेरा

नमस्कार मंडळी,
माझ्याकडे डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आहे आणि त्यावर मी खूश आहे. पण परवा राजगडाच्या बालेकिल्ल्यावर तो सॅकमधून काढेपर्यंत ढग उतरले आणि सुवेळा माची दिसेनाशी झाली. फार हळहळ वाटली.

दोन कॅमेऱ्यांवर अडलोय. सोनी आरएक्स१०० मार्क ७ मध्ये २४-२०० मिमी झूम आहे, व्ह्यूफाइंडरही आहे, पण सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) १ इंची, म्हणजे लहान. रिको जीआर ३ चा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे त्याहून बराच मोठा, वजन फक्त २५७ ग्रॅम. मात्र झूम नाही, २८ मिमीच्या रुंद दृश्यावरच भागवायचं. माझा कल रिकोकडे आहे, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात मोठा सेन्सर हवाच.

दोन्ही वेदरसील्ड (धूळ-पाणी आत शिरू न देणारे) नाहीत. पावसाळी ट्रेकला यांपैकी कुणी वापरलाय का? लेन्सच्या आत धूळ, ओल शिरते का? सेकंडहँड घेताना काय तपासावं, तेही सांगा.