सुट्टीत घरादाराने काय ठरवायचं? आमचं दरवर्षी फिसकटतं

खिडकीतली_मांजर (पुणे)
पोरांची परीक्षा संपली एकदाची. मोठा ११, धाकटी ७. मागच्या मेमध्ये मी उत्साहात एक्सेलमध्ये तक्ता करून फ्रीजवर लावला होता, त्यात पोहणं, बुद्धिबळ, रोज एक पान शुद्धलेखन, अर्धा तास वाचन आणि मोबाइल फक्त एक तास असं सगळं होतं, आणि पाचव्या दिवशी धाकटीने तो काढून मागच्या कोऱ्या बाजूला हत्ती काढला. हत्ती चांगला आलेला, तो अजून आहे फ्रीजवर. यंदा मोठ्याला घेऊन कळसूबाई करायचंय, बाकी सुचत नाहीये. नवरा म्हणतो काही ठरवूच नको. तुम्ही लोक कसं करता?

बुडबुडे_बाबा
ताई, त्या तक्त्यात तुमचं आणि मिस्टरांचं नाव कुठे होतं? पोरांना बरोबर कळतं हो, आपण पाय पसरून रील्स बघणार आणि त्यांनी शुद्धलेखन करायचं. मी मागच्या वर्षी ४१व्या वर्षी मुलाच्याच बॅचला पोहायला नाव घातलं. तो बारा दिवसांत सुटला, मी अजून कडेचा दांडा धरून बुडबुडे काढतोय. पण एक दिवसही तो "आज नको जायला" म्हणाला नाही, कारण बापाची फजिती रोज फुकटात बघायला मिळायची.

सोऱ्यावाली_काकू (नागपूर)
एवढी पाच-पाच कामं कशाला गं, घरात मिळून एकच काहीतरी कर. आमच्याकडे कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, ते काम नातवाचं. विसरला की वास सुटतो, मग कोणाला काही बोलावं लागत नाही 😄 मग वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, आणि जेवढा चीक तेवढंच पाणी उकळून त्यात शिजवायचा. सोऱ्या दाबायला जावईबापू, कारण गार झाला की तो दाबला जात नाही आणि गरम असताना हात भाजतो. नात गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलते. अर्धा चीक तर पोरं वाटीत तेल घालूनच संपवतात, ते धरून चालायचं.

पायवाट
कळसूबाईबद्दल. १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच, त्यामुळे पोरांना भारी वाटतं मान्य, पण मेमध्ये दिवसा नको प्लीज. पायथ्याच्या बारी गावातून वर जाताना सावली जवळपास नाहीच आणि दहानंतर त्या लोखंडी शिड्यांना हात लावून बघा. जायचंच तर पहाटे अंधारात चढायला लागा, माणशी तीन लिटर पाणी, नाहीतर सरळ पावसाळ्यानंतर. त्यापेक्षा १३-१४ मेच्या आसपास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास गच्चीत एक सरळ पाइप उभा करा, सावली गायब होते. आठवडाभर आधीपासून रोज त्याच वेळेला सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला सांगा मोठ्याला.

खिडकीतली_मांजर (पुणे)
काल जेवताना सगळ्यांना विचारलं, एकेकाने एकच सांगायचं. मोठ्याला सावलीचं पटलं, पाइप नाही तर मॉप उभा करणार म्हणतो, कळसूबाई दिवाळीत. नवऱ्याने "झोप" सांगितलं, ते बहुमताने फेटाळून त्याला सोऱ्यावर बसवलाय. मी स्कूटर शिकणार, लग्नापासून राहिलंय. आणि धाकटीला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला शिकायचीय, जी आमच्या घरात कोणालाच येत नाही. काकू, पहिल्यांदाच करतेय तर गहू किती घेऊ?

सोऱ्यावाली_काकू (नागपूर)
एक किलो पुरे. आणि ढग असतील त्या दिवशी घालू नकोस.

बुडबुडे_बाबा
शिट्टी मला येते. आधी जीभ मागे दुमडायला सांगा तिला, आणि शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवा.