पिल्लू स्वतःचीच शी खातंय, काय करावं?

गोदाकाठ
नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. आमची चिंगी देशी कुत्री, तांबूस, साधारण तीन महिन्यांची. शेजारच्या बांधकामावरून आणली, तिची आई गाडीखाली गेली होती. गॅलरीत वर्तमानपत्र घालतो, शू-शी तिथेच करायची हे तिला छान कळलंय. पण शी झाली की वळते आणि खाऊन टाकते. पहाटे तर आम्ही उठायच्या आत सगळं साफ, कागदावर नुसता डाग. जंताचं औषध आणल्या आणल्या एकदा दिलं, पहिली लसही झाली. जेवण सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी, कधीतरी अंडं.

सासूबाई तिला आता जवळ येऊ देत नाहीत, आणि माझा चार वर्षांचा मुलगा तिच्याकडून गाल चाटून घेतो. सोसायटीत कुणी म्हणतं शीवर तिखट टाका, कुणी म्हणतं तिचं तोंड त्यात घासा आणि दोन चापट्या द्या. ते माझ्या हातून होणार नाही. हा आजार आहे की खोड? सुटते का?

भटक्या
आमचा लॅब्रॅडॉर लहानपणी खायचा, मोठा होता होता आपोआप सुटलं. जेवणात अननसाचे तुकडे घालून बघा, शीची चव बिघडते म्हणतात.

कृष्णाकाठ
गोदाकाठ ताई, तोंड घासायचं नाही हे तुम्ही ठरवलंत, फार बरं केलंत. सांगलीत 2019 च्या महापुरानंतर मी अनाथ पिल्लं सांभाळायला लागले, आणि त्यातली बरीच अशीच शी खाणारी निघाली. मार खाल्लेलं पिल्लू शी खाणं सोडत नाही, ते माणसासमोर शी करणं सोडतं. मग सोफ्यामागे करतं आणि तिथेच घाईघाईने संपवतं. तुम्ही ओरडत धावलात तरी तेच, ते पटकन गिळायला शिकतं. तिखटानेही फक्त तोंड पोळतं.

पिल्लांना यात किळस नसते. जन्मल्यावर पहिले काही आठवडे आईच चाटून चाटून त्यांना शी करायला लावते आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून खाऊन टाकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2018 साली हजारो कुत्रेमालकांना विचारून एक अभ्यास छापला. त्यात 16 टक्के कुत्री वारंवार शी खाणारी निघाली, आणि त्यांतली 80 टक्क्यांहून जास्त दोन दिवसांच्या आतली, ताजीच खाणारी. जंतांची अंडी बाधा करण्याइतकी तयार व्हायला बहुधा दोनेक दिवस लागतात, तेव्हा राहती जागा आधीच साफ करायची ही लांडग्यांपासून आलेली सवय असावी, असा त्यांचा तर्क आहे. हावरट खाणाऱ्या कुत्र्यांत हे जास्त दिसलं. आणि यासाठी मिळणाऱ्या पावडरी-गोळ्यांचा गुण? 0 ते 2 टक्के. म्हणून अननसावर विसंबू नका. भटक्या, तुमच्या लॅबचं सुटलं ते बहुधा वयाने. अनेकांचं तसंच सुटतं.

पण आधी पोट बघा. जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही. या वयापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून द्यायचं. शीचा नमुना तपासून घ्या, कारण जिआर्डियासारखे परजीवी जंताच्या प्रत्येक औषधाने जात नाहीत. भरपूर खाऊनही वजन वाढत नसेल, शी ढीगभर, पातळ, तेलकट होत असेल तर तेही सांगा. स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य कमी पडत असेल तर पिल्लू भुकेनेच खातं.

मला खरी शंका दूध-पोळीची आहे. वाढत्या पिल्लाला तेवढं पुरत नाही, आणि दुधाने पुष्कळ पिल्लांचं पोट बिघडतं. पिल्लांसाठीचं तयार खाणं उत्तम, कारण घरच्या खाण्यात कॅल्शियमचा मेळ बसवणं अवघड. घरचंच द्यायचं तर भात, उकडलेलं चिकन, अंडं यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा-लसूण अजिबात नको. आणि दिवसाचं खाणं तीन-चार वेळांत वाटून द्या.

आता मुख्य काम: शी होताना तुम्ही तिथे असणं. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवणानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात पिल्लाला बहुतेक होतेच. जमीन हुंगत गोल फिरायला लागली की गॅलरीत न्या, पट्टा लावूनच. शी संपता संपता, ती वळायच्या आधी, गोड आवाजात हाक मारा आणि चिकनचा बारीक तुकडा तुमच्या गुडघ्याशी धरून द्या. ती खाण्यात असताना दुसऱ्या कुणी शी उचलायची. रोज, प्रत्येक वेळी, घरातल्या सगळ्यांनी. पुढे पुढे शी झाली की पिल्लू आपणहून तुमच्याकडे पळत येतं, आणि मला त्या क्षणाचा अजूनही आनंद होतो. उरलेला वेळ तिला चघळायला काहीतरी द्या, खेळा. एकटं कोंडलेलं पिल्लू कंटाळून शीकडे वळतं.

गोदाकाठ
खूप आभार. खाणं आजपासून बदलते, थोडं थोडं करून. पण पहाटेचं काय? आणि मुलाचं?

कृष्णाकाठ
रात्रीचं जेवण लवकर द्या, झोपण्याआधी गॅलरीत नेऊन आणा. तिला गॅलरीत न ठेवता तुमच्या खोलीत, पलंगाजवळ झोपवा, म्हणजे चुळबुळ ऐकू येईल. काही दिवस तिच्याआधी उठायचा गजर लावावा लागेल, त्याला इलाज नाही.

मुलाला सध्या तोंड चाटू देऊ नका. गोल जंतांची अंडी लहान मुलांच्या पोटात जाऊन त्रास होऊ शकतो. खेळून झालं की साबणाने हात. पण तिला त्याच्यापासून तोडू नका, हाक मारून खाऊ द्यायचं काम दिवसा त्यालाच द्या, तुम्ही शेजारी राहून. आणि लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यांच्या शीजवळ तिला अजिबात जाऊ देऊ नका. स्वतःच्या शीने निरोगी पिल्लाला सहसा फार अपाय होत नाही, पार्व्हो हा विषाणूचा आजार मात्र दुसऱ्याच्या शीतून येतो आणि जीव घेतो.

नमुना झाकणाच्या डबीत, त्याच सकाळचा न्या. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा, मी वाट बघते.