टेस्टिंगचे मेल फाइलीतच पडावेत की नाही?

चकलीकार (धागाकर्ता)
मागच्या वर्षी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. स्टेजिंगला, म्हणजे लाइव्ह करण्याआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, लाइव्ह डेटाबेसची जुनी कॉपी होती. शुक्रवारी संध्याकाळी आमच्यातल्याच एकाने 'हप्ता थकला' हा जॉब चालवून बघितला आणि मेल खरेच गेले. सोमवारी एक निवृत्त मास्तर कर्जफेडीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून संस्थेच्या दारात उभे. कर्ज त्यांनी कधीच फेडलं होतं, आमची कॉपी त्याआधीची.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: डेव्हलपमेंट आणि स्टेजिंगवर बाहेर जाणारा मेल डिस्कवरच्या फाइलीत पडला पाहिजे. वेबसाइट बनवायच्या तिन्ही नेहमीच्या फ्रेमवर्कांत सोय आहे. जँगोत ईमेल बॅकएंड (मेल पाठवणारा भाग) बदलायचा आणि फोल्डर सांगायचं, झालं. रेल्समध्ये डिलिव्हरी मेथड 'फाइल' करायची. डॉटनेटच्या एसएमटीपी क्लायंटला (मेल पाठवणारा घटक) पिकअप डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, दिली की ईएमएल (मेलच्या) फाइली पडतात. सर्व्हर नको, पासवर्ड नको, नेट नको. कोणाचा विरोध असेल तर बोला.

बगशोधक
आहे विरोध. ती फाइल कधी उघडून बघितलीत का? विषय मराठीत असेल तर तिथे 'थकबाकी' दिसतच नाही, नुसता बेस-६४ या एन्कोडिंगच्या इंग्रजी अक्षर-आकड्यांचा काला. मजकूर क्वोटेड-प्रिंटेबल (बाइट '=' आणि दोन अक्षरांनी लिहायची पद्धत) झाला तर आणखी मजा: देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, प्रत्येक बाइटची ३ अक्षरं, म्हणजे एका 'क'साठी ९. वाचा आता!

मेलपिट लावा, टेस्टिंगचे मेल अडवणारा आपल्याच मशीनवरचा छोटा मेल सर्व्हर. १०२५ पोर्टवर मेल पकडतो, ८०२५ वर ब्राउझरमध्ये इनबॉक्ससारखा दाखवतो. बाहेर काहीच जात नाही.

चकलीकार
फाइलचं एक्स्टेन्शन ईएमएल करून थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये उघडतो मी. नीट दिसतं.

बगशोधक
एक मेल असेल तर. जँगोत एकाच कनेक्शनवर पाच गेले की पाचही एकाच फाइलीत, मध्ये डॅशांची रेघ. रेल्समध्ये फाइलचं नावच मेल घेणाऱ्याचा पत्ता, त्याचा पुढचा मेल त्याच फाइलीच्या शेपटीला चिकटतो. थंडरबर्ड काय कप्पाळ उघडणार?

सर्व्हरमावशी
तुम्ही दोघं एकाच झाडावर बसून भांडताय. फाइल काय, मेलपिट काय, दोन्ही आपल्याच घरातले. एका प्रोजेक्टला सगळे मेल फाइलीत छान पडत होते. लाइव्हच्या पहिल्या दिवशी फायरवॉलने मेल बाहेर पाठवायचं ५८७ पोर्ट अडवलं. मेल पाठवण्याचा कोड थेट नोंदणीच्या रिक्वेस्टमध्ये होता आणि टाइमआउट (किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं ती मर्यादा) कोणी लावलाच नव्हता. लोकांच्या स्क्रीनवर चक्र फिरतच राहिलं. फाइलीत लिहिणं असं अडकत नाही, म्हणून ही चूक शेवटपर्यंत दिसली नाही. एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा, त्याही फाइलीत तपासता येत नाहीत. स्टेजिंगवरून खराच मेल पाठवा, फक्त सगळे पत्ते बदलून टीमच्या एकाच मेलबॉक्सकडे वळवा.

चकलीकार
मावशी, वळवण्याच्या त्या कोडमध्येच चूक निघाली तर? एचबीओ मॅक्स या ओटीटीचं आठवतंय ना? जून २०२१ मध्ये 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल' अशा मथळ्याचा मेल खऱ्या ग्राहकांना गेला आणि वर कंपनीने सांगितलं, हो, इंटर्नच होता. फाइलीला रस्ताच नाही बाहेर जायला.

सर्व्हरमावशी
मग लाइव्हच्या दिवशी फोन मला करू नका.

उगाचएक
मूळ दुखणं राहिलंच बाजूला. मास्तरांचा खरा पत्ता स्टेजिंगवर आलाच कसा? कॉपी घेतानाच सगळे पत्ते एक्झाम्पल डॉट कॉमचे करायचे. आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमपत्राने १९९९ सालीच ते नाव उदाहरणांसाठी राखून ठेवलंय. शिवाय तुमच्या त्या फोल्डरात पासवर्ड रीसेटच्या लिंका, ओटीपी, लोकांची नावं सगळं उघड्यावर पडलेलं असतं. गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात जाऊ नयेत अशा फाइलींच्या यादीत, आहे का ते?

चकलीकार
पत्ते बदलायची स्क्रिप्ट आमच्याकडे होती हो. पण ती जुनी कॉपी घेणारा स्क्रिप्ट चालवायला विसरला, म्हणून तर दुसरं कुलूप हवं म्हणतोय. मराठी मजकूर नजरेखालून घालायला मेलपिट बरा, हे मान्य. ऑटोमेटेड टेस्टला तर फाइलही नको, जँगो तेव्हा मेल आपणहून मेमरीतल्या आउटबॉक्समध्ये ठेवतो.

मावशी, टाइमआउटचा मुद्दा मात्र झोंबला. आमचा मेलचा कोड पण थेट रिक्वेस्टमध्येच आहे.

उगाचएक
गिटइग्नोरचं राहिलं.

चकलीकार
आत्ता टाकलं. आधीच कमिट होऊन कोडच्या साठ्यात गेलेल्या ४७ फाइली सापडल्या.