क्रिकेटच्या नावाने खडे फोडणं आता पुरे

मैदानवेडा (धागाकर्ता):

ऑलिंपिक संपलं की आपल्याकडे एक ठरलेलं रडगाणं सुरू होतं: क्रिकेटने बाकीचे खेळ खाल्ले. माझ्या मते हे आता खरं राहिलेलं नाही, आणि पूर्वीही ते अर्धंच खरं होतं.

गेल्या काही वर्षांचं बघा. २०२२ मध्ये बॅडमिंटनच्या थॉमस चषकाच्या अंतिम सामन्यात आपण इंडोनेशियाला ३-० ने हरवलं. ज्यांनी हा चषक चौदा वेळा जिंकला, त्यांना. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ७० पदकं होती, हांगझोऊला १०७ झाली. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत भालाफेकीच्या पहिल्या सहांत तिघे भारतीय होते, आणि सुवर्ण नीरजचं. २०२४ मध्ये बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाडची दोन्ही सुवर्णं आपली. त्याच डिसेंबरात गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता. पुढच्या वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून.

हे सगळं कुठल्या काळात झालं? आयपीएलचे २०२३ ते २७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले त्या काळात. क्रिकेट एवढं फुगत असताना बाकीचे खेळ वर आलेच ना?

आणि कुठे आले तेही बघा. हैदराबादेत गोपीचंदने घर गहाण ठेवून बॅडमिंटनची अकादमी उभी केली. चेन्नईत आनंदच्या आधीपासून बुद्धिबळाचे क्लब होते. हॉकीला कोणी विचारत नव्हतं तेव्हा २०१८ मध्ये ओडिशा सरकारने दोन्ही संघांचं प्रायोजकत्व घेतलं, आणि टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. यांतल्या प्रत्येक ठिकाणी क्रिकेट होतंच. चेन्नईत तर चेपॉकचं क्रिकेट मैदान आहे. फरक पडला तो एका हट्टी प्रशिक्षकामुळे आणि दहा वर्षं न कुरकुरता पैसा देणाऱ्या कोणामुळे तरी. क्रिकेटला शिव्या देण्यात खरी सोय आहे ती झोपलेल्या क्रीडा संघटनांची.

सडेतोड:

हिशेब सोयीचा मांडलाय तुम्ही. लंडन २०१२ ला सहा पदकं, पॅरिस २०२४ ला सहा. बारा वर्षं आपण जागच्या जागी पळतोय. टोकियोत सात होती, त्यात एक सुवर्ण. पॅरिसला सुवर्ण शून्य, पदकतालिकेत ४८ वरून थेट ७१. याला वाढ म्हणायचं?

हांगझोऊच्या १०७ चं कौतुक मलाही आहे, पण त्यातली कबड्डीची आणि स्क्वॉशची पदकं पॅरिसच्या तालिकेत कुठून आणणार? आणि त्या २८ सुवर्णांपैकी दोन चक्क क्रिकेटची आहेत, पुरुष आणि महिला. खो-खोचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाला, दोन्ही गटांत आपण जिंकलो, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे आपले आहेत, अभिमान वाटतोच. पण म्हणून जग जिंकलं म्हणू नका.

मैदानवेडा:

@सडेतोड, पॅरिसला सहा चौथे क्रमांक होते, ते तुम्ही गाळलेत. लक्ष्य सेन, मीराबाई, अर्जुन बबुता, पंचवीस मीटर पिस्तुलात मनू भाकर, तिरंदाजीची मिश्र जोडी, स्कीट नेमबाजीची मिश्र जोडी. १९८४ मध्ये पी. टी. उषाचं पदक शतांश सेकंदाने हुकलं त्यावर आपण चाळीस वर्षं बोललो. आता एका ऑलिंपिकमध्ये आपण सहा वेळा त्या उंबऱ्यावर पोचतो. पाया रुंदावल्याशिवाय हे होत नाही.

सडेतोड:

चौथ्या क्रमांकांची बेरीज मांडायची वेळ आली, यातच सगळं आलं.

अबोली:

चर्चा छान चालली आहे, पण दोघांनीही मैदान टीव्हीवरच पाहिलेलं दिसतंय.

माझी मुलगी आठशे मीटर धावते. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. गावाला सरकारी क्रीडा संकुल आहे. लग्नसराईत तिथे मंडप असतो, निवडणुकीत सभा, आणि उरलेल्या दिवसांत टेनिस बॉल क्रिकेट. आमदार चषक, सरपंच चषक, कोणाच्या तरी वाढदिवसाचा चषक. प्रकाशझोत, समालोचक, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, मालिकावीराला मोटारसायकल. हे सगळे पैसे गावातलेच असतात, आयपीएलचे नव्हे. त्याच लोकांकडे मुलीच्या बुटांसाठी गेलो तर उत्तर मिळतं, 'वहिनी, पळण्याची स्पर्धा बघायला कोण येणार?'

तेव्हा क्रिकेटने खाल्लं नाही हे मला पटत नाही. मुंबईतल्या कोटींशी मला देणंघेणं नाही. संध्याकाळी पाच ते सात मैदान कोणाला मिळतं, एवढंच मी बघते. मुलगी डांबरी रस्त्यावर पळते आणि नडग्या दुखतात म्हणून रडते.

मंदार नगरकर:

अबोलीताई, पूर्ण सहमत नाही. आमच्याकडे आमदार चषक कबड्डीचेही होतात आणि गर्दी मावत नाही. लालबाग-परळपासून कोकणापर्यंत कबड्डीला प्रेक्षक कायमच होता, नव्हता तो पैसा. पूर्वी चांगल्या चढाईपटूचं स्वप्न रेल्वे, पोलीस नाहीतर बँक, एवढंच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, माती जाऊन मॅट आली. दहाव्या हंगामात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. त्याच हंगामात आमच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार होता आणि विजेतेपद त्यांनीच नेलं. पोराला मैदानावर पाठवताना बापाला आता शेजाऱ्यांना उत्तर द्यावं लागत नाही. टीव्हीवर दाखवण्यासारखा खेळ केला की पैसा येतो. क्रिकेटने तरी दुसरं काय केलं?

सडेतोड:

मंदार, ही वाट फुटबॉलला सांगून बघ की! त्यांच्याकडेही लीग आली, सिनेमातले तारे मालक झाले, परदेशी खेळाडू आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला, घरच्या मैदानावर, सिंगापूरकडून १-२ हरून आशिया चषकाच्या बाहेर. महिलांच्या संघाकडे असला झगमगाट नव्हता, त्या मात्र थायलंडला थायलंडमध्ये हरवून पात्र ठरल्या. लीगने खेळाडूचं घर चालतं, ते चांगलंच आहे. खेळ सुधारतोच असं नाही.

आणि कबड्डीचं म्हणाल तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. अजून आपण दारातच उभे आहोत.

तालीमवाला:

सगळे क्रिकेटभोवती फिरताय, मी आपल्या घरातलं बोलतो. कुस्ती.

कुस्ती म्हटलं की महाराष्ट्रात पैसा नाही, प्रेक्षक नाही, असं कोणी म्हणूच नये. महाराष्ट्र केसरीला जेवढी माणसं जमतात तेवढी रणजी सामन्याला बघितलीत का? गदा मिळते, चारचाकी मिळते, मिरवणूक निघते. मग खाशाबा जाधवांनंतर आपल्याला कुस्तीत ऑलिंपिक पदक का नाही? १९५२, हेलसिंकी. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजारांसाठी घर गहाण टाकलं तेव्हा तो माणूस तिथे पोचला. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि तेही नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेकडून.

माझं कारण सांगतो, पटलं तर घ्या. भारताच्या पुरुष मल्लांची ऑलिंपिक पदकं काढा: खाशाबा, सुशील, योगेश्वर, बजरंग, रवी दहिया, अमन. ६६ किलोंच्या वर एकही नाही. आणि महाराष्ट्र केसरीचा गट कोणता? ८६ ते १२५ किलो. म्हणजे जिथे जगात आपल्याला संधी आहे तिथल्या पोराला आपण सांगतो, दूध-तूप खा, अंग वाढव, गदा घे. बीडच्या राहुल आवारेने ५७ आणि ६१ किलोंत राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कांस्य आणलं. रस्त्यावर विचारा, किती जणांना तो ओळखू येतो. हरियाणातली पोरं लहानपणापासून मॅटवर, आणि वजन सांभाळून. आपण लाल मातीच्या प्रेमात. प्रेम मलाही आहे, तालमीतच वाढलो. पण २०२५ मध्ये अहिल्यानगरला उपांत्य लढतीनंतर पंचाला लाथ बसली, राज्यात दोन-दोन संघटना आम्हीच खरे म्हणून भांडतात. यात क्रिकेट कुठे आलं?

मैदानवेडा:

@तालीमवाला, वजनगटांचा मुद्दा मी कुठे वाचला नव्हता. लाख बोललात!

जया:

महिला क्रिकेटचं कोणी बोललं नाही, आणि इथला सगळ्यात कामाचा दाखला तोच आहे. २००६ पर्यंत महिलांची संघटना वेगळी होती. तोवर महिला क्रिकेट हाही 'इतर खेळ'च होता: पैसा नाही, प्रक्षेपण नाही, प्रवास मिळेल त्या डब्यातून. मग बीसीसीआयकडे आलं. तरी सामन्याचं मानधन पुरुषांइतकं व्हायला २०२२ उजाडलं आणि महिलांची लीग, डब्ल्यूपीएल, आली २०२३ मध्ये. दोन नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक. मुलींची गुणवत्ता २०२३ मध्ये एकाएकी उगवली नव्हती. खर्च झाला, निकाल आला. म्हणून क्रिकेट विरुद्ध बाकीचे ही वाटणीच मला चुकीची वाटते. आणि हो, केंद्राचं क्रीडा खात्याचं २०२५-२६ चं सगळं अंदाजपत्रक ३,७९४ कोटींचं होतं. आयपीएलचे हक्क दरवर्षी साडेनऊ हजार कोटींच्या पुढे पडतात. तेव्हा मैदानवेडा यांचं 'पैसा नव्हे, हट्टी प्रशिक्षक' हे जरा जास्तच गोड आहे.

मैदानवेडा:

जयाताई, पैसा नको असं मी म्हटलंच नाही, दहा वर्षं न कुरकुरता देणारा हवा म्हटलं. आपल्याकडे पदक आल्यावर देणारे पुष्कळ. कुसाळेच्या कांस्यासाठी आपल्या सरकारने तेव्हा एक कोटी जाहीर केले. हरियाणात कांस्याला अडीच कोटी ठरलेले आहेत, खेळाडू निघण्याआधीच त्याला आकडा माहीत असतो. त्यातही माझ्या लेखी कांबळवाडीचा हा पोरगा आधी क्रीडा प्रबोधिनीत कसा पोचला हे महत्त्वाचं. ती योजना सरकारीच आहे आणि तिचं कौतुक कोणी करत नाही.

सडेतोड:

आणि नंतर त्याचं घर चालवलं ते रेल्वेच्या टीसीच्या नोकरीने. राष्ट्रकुलात १९९८ पासून स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडेच जायची. आपल्या बीडच्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये ती साखळी तोडून रौप्य आणलं, तो लष्करात. खेळाडू घडवणारी खरी यंत्रणा अजून सरकारी नोकरी हीच आहे. म्हणूनच खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रं घुसतात, आणि २०२२ मध्ये गोविंदांनाही त्यात बसवायची घोषणा झाली.

त्याच नोकरीपायी सुया टोचून घेणारेही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणीवाले आलेत म्हटल्यावर शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उभा राहिला. वाढत्या यशाच्या यादीत हेही लिहा.

वाचनमात्र:

पॅरालिंपिकचा उल्लेख एकानेही केलेला नाही. पॅरिसला २९ पदकं, सात सुवर्ण, क्रमवारीत अठरावे. आटपाडीच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीत रौप्य. १९७२ मध्ये सुवर्ण आणणाऱ्या मुरलीकांत पेटकरांना पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. तुमची भांडणं चालू द्या.

अबोली:

अठ्ठेचाळीस हजार कोटींचं झालं, आता माझ्या संकुलातल्या मंडपाचं काय ते कोणी सांगेल का?

मैदानवेडा:

ताई, माहिती अधिकारात अर्ज करा. गेल्या वर्षभरात मैदान कोणाला, किती दिवस, किती भाड्याने दिलं त्याची नोंदवही मागा. धावपट्टीच्या देखभालीचा खर्चही विचारा. कागद हातात आला की बोलणं वेगळं होतं.

अबोली:

ठाऊक आहे हो. पण अर्ज माझ्या नावाने गेला की दुसऱ्या दिवशी गावभर. मुलगी दहावीला आहे. तिच्या ग्रेस गुणांचा प्रस्ताव शाळेतूनच जातो, आणि शाळेवर कोण बसलंय ते वेगळं सांगायला नको.

सडेतोड:

तालुक्याचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्ज माझ्या नावाने टाकतो.